कचरागाडी आणि हवामान
सकाळी आपल्या दारी येणाऱ्या कचरागाडीवरचा मदतनीस हवामान राखण्याचेही काम करतो. ओला कचरा ढिगाऱ्यात हवेविना कुजला की मिथेन वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमान वाढवतो. इंदूरच्या देवगुराडिया येथे २०२२ साली रोज ५५० टन क्षमतेने सुरू झालेल्या प्रकल्पात हा वायू बंद टाक्यांत साठवून त्यापासून शहर बससाठी इंधन बनवतात. ओल्या कचऱ्यात प्लास्टिक मिसळले, तर मात्र मदतनिसाला ते हाताने वेचावे लागते. म्हणून घरी आणि गणेशोत्सवाच्या महाप्रसादालाही उरलेल्या अन्नात प्लास्टिकचे चमचे, पेले टाकू नयेत, ही सर्व सभासदांना विनंती.