छायाचित्रांचे बिऱ्हाड

घर बदलावयाचे ठरले म्हणजे कपाट, पलंग, धान्याची कोठी ह्यांची फारशी काळजी करावी लागत नाही. ह्या वस्तू डोळ्यांसमोरच असतात. त्या गाडीत चढतात आणि नव्या घरी उतरतात. हरवतात त्या लहान वस्तू : किल्ल्या, पावत्या, एखादी जपून ठेवलेली चिठ्ठी. संगणकातील छायाचित्रांचे बिऱ्हाड एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलविताना नेमके हेच घडते. चित्रे बहुधा सुखरूप पोचतात. त्यांच्याविषयीची माहिती मात्र मागे राहून जाते.

पण हे बिऱ्हाड हलवावेच का लागते? ह्याचे उत्तर अगदी अलीकडच्या इतिहासात आहे. ‘पिकासा’ नावाचे एक सॉफ्टवेअर होते. गूगल कंपनीने ते २००४ साली विकत घेतले आणि सर्वांना विनामूल्य दिले. संगणकावरील सारी चित्रे शोधून ती फोल्डरांप्रमाणे मांडणे, त्यांचा उजेड-अंधार सुधारणे, माणसांचे चेहरे ओळखून त्यांखाली नावे लिहिणे ही कामे ते करीत असे. घरोघरी त्याचा वापर होऊ लागला. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने पिकासा बंद करण्याचे जाहीर केले आणि १५ मार्च २०१६ नंतर त्यात कोणतीही सुधारणा होणार नाही असे कळविले. ज्यांच्या संगणकावर ते आधीपासून होते त्यांचे काम चालू राहिले खरे; परंतु ज्याची डागडुजी करणारा कोणी उरला नाही अशा घरात किती दिवस राहावयाचे?

आता कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एखादे जुने घर कल्पनेने पाहा. चित्रांची आवड ह्या पेठेला नवी नाही. भालजी पेंढारकर ह्यांचा जयप्रभा स्टुडिओ ह्याच पेठेतला. १९४८ सालच्या जाळपोळीत तो भस्मसात झाला आणि भालजींनी तो पुन्हा उभा केला. अशा ह्या पेठेतील आपल्या कल्पनेतल्या घरी आजोबांच्या वेळची कृष्णधवल चित्रे आहेत : खासबाग मैदानातील कुस्ती, रंकाळ्याच्या काठावरील सहल, वाड्याच्या चौकातील लग्न. ती सर्व स्कॅनरच्या साहाय्याने संगणकात आणली गेली. मग आजी शेजारी बसली. ‘ही माझी थोरली नणंद, हे तिचे यजमान, मागे उभा आहे तो आमचा गडी’ असे ती सांगत गेली आणि नातवाने पिकासात एकेका चेहऱ्याखाली नाव लिहिले. आजी आता नाही. लग्नाच्या त्या चित्रातील वीस-पंचवीस माणसांची नावे सांगणारे दुसरे कोणीही घरात नाही.

तेव्हा प्रश्न असा, की ती नावे आहेत कोठे?

छायाचित्राविषयीची माहिती मुख्यतः दोन ठिकाणी असू शकते. पहिले ठिकाण म्हणजे खुद्द चित्राची फाइल. डिजिटल कॅमेरा चित्र टिपतो तेव्हा त्याच फाइलीत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव व भिंग किती उघडले होते ह्यांचीही नोंद करतो. मोबाइलमध्ये स्थानाची सोय चालू असेल तर अक्षांश-रेखांशही लिहिले जातात. ह्या नोंदीच्या पद्धतीला ‘एक्झिफ’ म्हणतात. ती प्रथम १९९५ साली जपानमध्ये ठरविण्यात आली. ही माहिती चित्राच्या पोटातच असल्यामुळे चित्र जाईल तेथे ती जाते.

दुसरे ठिकाण म्हणजे सॉफ्टवेअरची स्वतःची वही. दुकानदार मालावर काही लिहीत नाही, सर्व हिशेब खतावणीत ठेवतो; तसाच हा प्रकार. पिकासात चित्राखाली लिहिलेला मजकूर जेपेग चित्राच्या फाइलीत जात असे. पण कोणता चेहरा कोणाचा, ही नोंद एरव्ही त्याच्या वहीत आणि प्रत्येक फोल्डरातील एका लहानशा लपविलेल्या फाइलीत राही. ‘अल्बम’ही असाच वहीतला. एखाद्या चित्राचा रंग सुधारला, तरी ‘जतन करा’ अशी आज्ञा देईपर्यंत मूळ फाइलीत काहीच बदल होत नसे. सुधारलेले रूप केवळ पिकासाच्या पडद्यावर दिसे. म्हणून जो नुसती चित्रे उचलून नव्या संगणकावर नेतो, त्याने माल नेला आणि खतावणी मागे टाकली असे होते.

ह्यावर उपाय सोपा आहे, पण तो जुने घर सोडण्यापूर्वीच करावयास हवा. पिकासाच्या शेवटच्या आवृत्तीत, म्हणजे ३.९ मध्ये, चेहऱ्यांची नावे चित्राच्या फाइलीतच लिहिण्याची सोय आहे. ती चालू करावी, सुधारलेली चित्रे जतन करावी आणि मगच हलवाहलव आरंभावी. त्याआधी संपूर्ण संग्रहाची एक प्रत, लपविलेल्या फाइलींसह, वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवावी. तिला हात लावू नये.

नवे घर निवडताना ते देखणे आहे की नाही हे मी तरी शेवटी पाहीन. तेथून बाहेर पडण्याचा रस्ता आहे का, हे आधी पाहावे. ‘डिजिकॅम’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर नावे, खुणा व मजकूर फाइलीतच लिहू शकते, हा त्याचा मोठा गुण. ‘गूगल फोटोज’ ही सेवा वापरावयास सुलभ आहे. मात्र चित्रे कितीही ठेवण्याची तिची विनामूल्य सवलत १ जून २०२१ पासून संपली. तेथून सर्व संग्रह परत मागविला असता चित्रांसोबत माहितीच्या वेगळ्या लहान फाइली मिळतात, आणि त्या टाकाऊ समजून पुष्कळ लोक पुसून टाकतात!

प्रथम सगळा संग्रह हलवू नये. वीस-पंचवीस चित्रांचे एक फोल्डर न्यावे आणि तारखा, नावे, मजकूर जागच्या जागी आहेत ना ते पाहावे. लग्नाच्या चित्राची तारीख तर मुद्दाम पाहावी. लग्न १९६२ सालचे आणि चित्र स्कॅन केले २०१० साली, तर सॉफ्टवेअर ते बहुधा २०१० च्या चित्रांत बसविते. त्याला आजोबांचे वय काय ठाऊक? ती तारीख हाताने दुरुस्त करावी लागते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रांतून मूळ तारीख व स्थान बहुधा गाळलेले असते, आणि चित्रही आक्रसलेले असते. म्हणून नातेवाइकांकडून शक्यतो मूळ फाइलच मागावी.

सर्व संग्रह पोचल्यावर मोजदाद करावी. जुन्या ठिकाणी ८,४१२ फाइली असतील तर नव्या ठिकाणीही तितक्याच भरल्या पाहिजेत. कमी भरल्या, तर एकेका फोल्डराचा आकडा ताडून पाहिला म्हणजे चूक कोठे आहे ते कळते. ह्यानंतर एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावच्या आप्तांकडे ठेवावी. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या सखल वस्त्यांत शिरले, तेव्हा एकाच कपाटात असलेली प्रत आणि मूळ दोन्ही एकदम भिजण्याचा धोका काय असतो ते शहराने पाहिले आहे.

आणखी एक काम राहते. कागदी चित्रे स्कॅन करताना आपण त्यांची पाठ पाहत नाही. तेथे पुष्कळदा पेन्सिलीने लिहिलेली नावे असतात, छायाचित्रकाराचा शिक्का असतो, क्वचित तारीखही असते. ही पाठही स्कॅन करून पुढच्या बाजूशेजारीच ठेवावी. आजीने सांगितलेली नावे तिच्याशी ताडून पाहता येतात, आणि एखादा चेहरा ओळखावयाचा राहून गेला असेल तर त्याचेही नाव तेथे सापडण्याचा संभव असतो.