पात्यावरची रेघ
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बकरी ईद जवळ आली की माझे वडील कापडात गुंडाळलेली सुरी बाहेर काढत आणि धार लावायला मला आप्पांकडे पाठवत. आप्पा आमच्या आळीतले लोहार. वडील गेले, आप्पा अजून ऐरणीपुढे बसतात. ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद तापवून, ठोकून ते सुऱ्या घडवतात.

गेल्या वर्षी त्यांच्या नातवानं सुऱ्यांचे फोटो मोबाइलवरून गिऱ्हाइकांना पाठवले. एकानं उलट विचारलं, ‘ही सुरी आहे की गंजकी पट्टी?’ आप्पा मला म्हणाले, ‘भाई, मुलीनं तुम्हाला कॅमेरा घेऊन दिलाय ना? मग एवढं काम करा.’ मी आपला कविता लिहिणारा माणूस, पण हो म्हणून बसलो.

पहिला फोटो फ्लॅश मारून काढला. अर्धं पातं पांढरंफटक, अर्धं काळं आणि मधोमध माझा सदरा! तुम्ही म्हणाल, असं का? घासून चकाकी आणलेलं पोलाद म्हणजे आरसाच. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. त्यामुळं पात्यावर प्रकाश किती पडला यापेक्षा पात्यात काय उमटतंय, हेच पाहावं लागतं.

मग फ्लॅश बंद केला. टेबल खिडकीशी ओढलं आणि खिडकीला पांढरं कापड लावलं. ऊन कापडातून गाळून आलं की मऊ होतं. समोरच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तक्ता उभा केला. पण सगळीकडंच पांढरं झालं, तर पातं त्यात विरून जातं. म्हणून एका अंगाला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी ठेवली. तिची सावळी छाया पात्यात उमटली आणि धारेची कड स्पष्ट झाली. खोलीतली ट्यूबलाइटही बंद केली, कारण दोन तऱ्हांचे प्रकाश मिसळले की शिसवी मूठ एकीकडून निळसर, एकीकडून पिवळट दिसते. कॅमेरा दिवाळी अंकांच्या चळतीवर ठेवून टायमर लावला, म्हणजे हात हलण्याची भीती नाही. छिद्र एफ-११वर ठेवलं, म्हणजे टोकापासून मुठीपर्यंत सगळं रेखीव येतं. बोटांचे ठसे मऊ फडक्यानं पुसले. माप कळावं म्हणून एका फोटोत शेजारी पट्टी ठेवली.

पुढचं काम संगणकावरचं. मूळ फोटो आधी वेगळा जपून ठेवावा, कारण जेपेग पद्धतीच्या फोटोत बदल करून तो पुन्हा पुन्हा साठवला की दर वेळी थोडा तपशील गळतो. फोटोशॉपसाठी वर्गणी भरावी लागते, गिम्प फुकट मिळतं. रंगांचा तोल साधायचा, उजेड-अंधाराची पातळी बसवायची, कडा छाटायच्या. धुळीचे कण मोठे दिसतात, ते शेजारच्या रंगानं झाकायचे.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग मला मोह झाला. कवितेतला नको असलेला शब्द खोडावा, तशी मी पात्यावरची एकेक खूण खोडत सुटलो. मुठीजवळ केसाएवढी एक रेघ होती. ओरखडा समजून तीही पुसली. फोटो असा झाला की सुरी यंत्रातून निघाल्यासारखी दिसावी.

आप्पांना दाखवायला गेलो. ते म्हणाले, ‘माझ्या हातोड्याचे ठसे कुठं गेले?’ मी मूळ फोटो मोठा करून दाखवला. त्या रेघेवर त्यांची नजर थांबली. त्यांनी सुरी आणवली आणि उलटसुलट करून उजेडात धरली. रेघ दोन्ही अंगांना, एकाच जागी होती. ‘ओरखडा एका अंगाला राहतो, भाई. ही चीर आहे, आरपार. पाणी देताना गेलीय.’ तापलेलं पातं पाण्यात विझवताना पोलादावर ताण येतो आणि कधी कधी ते असं उकलतं. अशी सुरी जोर लावला की कुणाच्याही हातात मोडू शकते.

नातू हळूच म्हणाला, ‘आजोबा, फोटोत तर काही दिसत नाही.’

‘भाजी काय फोटोनं चिरायचीय?’ असं म्हणून आप्पांनी सुरी मोडीच्या ढिगात टाकली.

मी काही बोललो नाही. ती सुरी माझ्या फोटोच्या जोरावर विकली गेली असती, तर? गिऱ्हाईक दूर गावी, सुरी हातात घेऊन पाहणार नाही. फोटोवर विश्वास ठेवून तो पैसे धाडतो.

त्या दिवसापासून एक नियम केला आहे. उजेडाचा दोष, कॅमेऱ्याचा दोष, वरून पडलेली धूळ एवढंच पुसायचं. जे पात्याच्या अंगचं आहे, त्याला हात लावायचा नाही. आता प्रत्येक सुरीचे दोन्ही अंगांनी फोटो काढतो आणि काहीही बदल न केलेले फोटो आधी आप्पांना दाखवतो. त्यांनी मान हलवली, तरच पुढं संगणक उघडतो.