मोडाचं पीठ आणि बाळाची वाटी

जव्हारच्या डोंगरउतारावर वरकस जमिनीत नागली, म्हणजे नाचणी, होते. दिवाळीच्या आसपास ती खळ्यावर येते आणि पुढे वर्षभर तिची भाकरी घरातले सगळे खातात. सहा महिन्यांच्या बाळासाठी मात्र त्याच दाण्यावर वेगळी मेहनत घ्यावी लागते. ती मी एका पाड्यावरच्या अंगणवाडीत, सेविकाताई आणि तिथल्या आयांसोबत बसून पाहिली.

नागली आधी सुपात पाखडली. मग चार पाण्यांनी धुतली, कारण या बारीक दाण्यात माती फार चिकटून बसते. रात्रभर भिजवून सकाळी ती निथळली आणि सुती फडक्यात घट्ट बांधून ठेवली. उन्हाळ्यात दिवसभरात मोड दिसतात. थंडीत वेळ लागतो, म्हणून गाठोडं चुलीपासून हातभर अंतरावर ठेवलं होतं. ताई अधूनमधून त्यावर पाणी शिंपडत आणि नाकाशी धरून वास घेत. आंबूस वास आला तर ते दाणे बाळाच्या कामाचे नाहीत. पांढरे मोड नीट वर आले की दाणे उन्हात पसरायचे, कडकडीत वाळले की जात्यावर दळायचे आणि पीठ वस्त्रगाळ करायचं.

वाळलेले दाणे तव्यावर खमंग भाजायची एका आजींची तयारी होती. ताईंनी त्यांना थांबवलं. "आजी, भाजू नका. भाजलंत तर मोडाची ताकद जाईल." ही ताकद म्हणजे अमायलेज. दाणा रुजताना स्वतःच्या कोंबाला पोसण्यासाठी तो हे द्रव्य तयार करतो आणि ते पिठातल्या पिष्टाचे तुकडे करतं. जास्त उष्णतेने ते निकामी होतं.

त्याचा उपयोग ताईंनी लगेच दाखवला. साध्या नागलीच्या पिठाची पेज त्यांनी इतकी घट्ट शिजवली की पळी उभी राहावी. ती चुलीवरून उतरवून थोडी निवू दिली आणि तिच्यात मोडाचं पीठ चमचाभर घालून ढवळत राहिल्या. काही मिनिटांत पेज सैल झाली. पाण्याचा थेंबही वर घातला नव्हता. मग पुन्हा एक उकळी आणली, कारण कच्चं पीठ बाळाच्या पोटात जाता कामा नये. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी याच गुणाचा अभ्यास करून तो बालआहारासाठी मांडला. मला हे ज्ञान फार मोलाचं वाटतं.

का, ते बाळाच्या पोटाकडे पाहिलं की कळतं. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम कपभर अन्न मावतं. सहा ते आठ महिन्यांत त्याला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, वर्ष उलटलं की सुमारे ५५०. साध्या पिठाची पेज गिळता येईल इतकी पातळ करायची तर तिच्यात भरमसाट पाणी घालावं लागतं. मग पोट पाण्यानेच भरतं, बाळ तोंड फिरवतं, आणि घरच्यांना वाटतं की ते जेवलं. मोडाच्या पिठामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि तरी ते घशाखाली उतरतं. वरून घरचं तेल चमचाभर घातलं की आणखी सुमारे ४५ कॅलरी मिळतात. नागलीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळात त्याचा अगदी लहानसा अंश असतो.

याच जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर माहीत झालं. आजही ताईंच्या पिशवीत दंडघेराची पट्टी असते. मापन ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलं की पट्टी लाल दाखवते आणि ते मूल तीव्र कुपोषित ठरतं. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, लहान मुलं बरोबर जातात, आणि आई विटा थापत असताना बाळाला भरवायला कुणी उरत नाही. अशा आयांना ताई मोडाचं पीठ डब्यात भरून न्यायला सांगतात. नीट वाळलेलं असेल तर ते टिकतं. तरी भट्टीवर दिवसातून दोन-तीन वेळा बाळाला मांडीवर घेऊन बसायला आईला वेळ मिळाला पाहिजे. तो ठेकेदाराने दिला पाहिजे, आणि देतो की नाही हे सरकारने जाऊन पाहिलं पाहिजे.

भरवणं हे वेगळंच काम आहे. बाळाची वाटी स्वतंत्र हवी, म्हणजे किती पोटात गेलं ते दिसतं. एक आई चमचा बाळाच्या ओठाशी नेऊन थांबत होती, ते तोंड उघडेपर्यंत. नाक दाबून भरवण्याची सवय असलेल्या सासूबाई ते बघत होत्या. बाळाने वाटी संपवली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसरी वाटी त्यांनीच आणली.

पातळ अन्नाची चूक पाड्यावरच होते असं नाही. पुण्या-मुंबईतही सहाव्या महिन्यानंतर वरणाचं नुसतं पाणी आणि भाताची पेज कौतुकाने पाजली जाते. तुमच्या घरात बाळ असेल तर वरणाचं पाणी देऊ नका, घोटलेलं वरण द्या, त्यावर तूप घाला. चमचा तिरका केल्यावर अन्न लगेच ओघळून गेलं, तर ते अजून घट्ट करा.