तेलाची बाटली आणि वजनाचा काटा

मागच्या बैठकीत हप्ते गोळा करत होते, तेवढ्यात आमच्या गटातली एक ताई चक्कर येऊन खालीच बसली. विचारलं तर म्हणाली, "आठ दिवस रात्रीचं जेवण बंद केलंय. गुडघे दुखतात, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा." डॉक्टरांचं बरोबर होतं, उपाय मात्र तिने मनानेच काढला होता.

वजनाचा हिशेब आपल्या बचतीसारखाच आहे, फक्त इथे शिल्लक नको. अन्नातली ताकद कॅलरीत मोजतात. अंगावरची १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी पडल्या, तर महिन्याला एक ते दोन किलो उतरतं. जास्त घाई केली की चरबीबरोबर स्नायूही झडतात.

मग कमी काय करायचं? आपण आधी भाकरीवर घाव घालतो. पण खरी मेख तेलात आहे. चहाच्या एका चमच्यात ४५ कॅलरी! त्या ताईच्या घरी माणसं चार आणि तेल महिन्याला ५ किलो, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर. ते निम्म्यावर आणलं की १८० कॅलरी वाचल्या. दोन-दोन चमचे साखरेचे दोन चहा सोडले, आणखी ८०. डाळ, उसळ, अंडं, ताक मात्र सोडायचं नाही. आणि उपवासाची साबुदाणा खिचडी? तिच्याबद्दल मी बोलत नाही, मलाही आवडते.

"शेतात राबतो, मग व्यायाम कशाला?" असं सगळ्याच विचारतात. खुरपणीत कंबर मोडते, पण दम लागत नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतकं भरभर. गुडघ्यांसाठी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी यातलं काही करू नये. साखरेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजनकाटा नसला तरी शिलाईचा टेप आहेच. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

त्या ताईने आता महिन्याचं तेल वेगळ्या बाटल्यांत भरून ठेवलंय. भाजी बेचव लागते अशी सासूबाईंची तक्रार आहे. त्यावर कांदा-खोबरं कोरडंच भाजून वाटण करायचं ठरलंय.