एकाच बायोप्सीची दोन बिलं? '२६' आणि 'टीसी'ची भानगड समजून घ्या

अमेरिकेतल्या एका मित्राने मला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बिलांचे फोटो पाठवले. त्वचेची बायोप्सी एकच, पण एक बिल लॅबचं आणि दुसरं कधी न भेटलेल्या डॉक्टरांचं. दोन्हींवर कोड सेम, ८८३०५. "हे लोक मला फसवतायत का रे?" मी तिथल्या मेडिकल बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

मी म्हटलं, कोडच्या पुढे काय लिहिलंय ते बघ.

बायोप्सीच्या तपासणीत दोन कामं असतात. पहिलं, तुकड्यावर प्रक्रिया करून पातळ काप काढणं, ते रंगवून स्लाइड तयार करणं. यात टेक्निशियन, मशीन, केमिकल्स यांचा खर्च येतो. हा झाला टेक्निकल भाग, त्याची खूण 'टीसी' (रेल्वेतला नव्हे!). दुसरं, पॅथॉलॉजिस्टने ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघून निदान लिहिणं. हा प्रोफेशनल भाग, खूण '२६'. या खुणांना मॉडिफायर म्हणतात.

दोन्ही कामं एकाच संस्थेने केली तर कोड नुसताच लिहितात, त्याला ग्लोबल बिल म्हणतात.

खरी गंमत इथेच आहे. आपण प्रोग्रामर लोक रिकामी जागा म्हणजे 'माहिती नाही' असं समजतो. इथे रिकामी जागा म्हणजे 'सगळं काम आम्हीच केलं'! टेस्टिंगच्या वेळी माझ्या कोडमधून एकदा '२६' गळलं होतं. ते बिल तसंच गेलं असतं, तर डॉक्टरांना पूर्ण रक्कम मिळाली असती आणि स्लाइड बनवणाऱ्या लॅबचं बिल विमा कंपनीने डुप्लिकेट म्हणून नाकारलं असतं. एवढ्याशा दोन अक्षरांमुळे!

प्रत्येक टेस्टची अशी विभागणी होत नाही बरं का. सीबीसी, म्हणजे कोड ८५०२५, मशीनवर होते. तिथे '२६' लावलं तर चूक.

मग मित्राने काय तपासायचं? एका बिलावर 'टीसी', दुसऱ्यावर '२६' असेल तर हिशोब बरोबर. पण त्याच नमुन्यासाठी एक बिल नुसतं ८८३०५ आणि दुसरं '२६' किंवा 'टीसी'वालं असेल, तर पैसे भरण्याआधी विमा कंपनीला फोन करायचा.

मित्राच्या बिलांवर दोन्ही खुणा होत्या. त्याची शंका मिटली, आणि मी माझ्या कोडमध्ये आणखी एक टेस्ट वाढवली.