मुलांचा सहभाग आणि 'आपण' हे सर्वनाम : मुलाखतीतील निवेदनाविषयी काही विचार

शाळा, बालगृहे किंवा बालहक्कांच्या क्षेत्रातील संस्था यांत नोकरीसाठी जाणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास मुलाखतीच्या वेळी कधी कधी दहा मिनिटांचे निवेदन करावयास सांगतात. 'मुलांना निर्णयप्रक्रियेत कसे सहभागी करून घ्याल?' हा अशा निवेदनांचा एक विषय होय. वरकरणी तो शिक्षणशास्त्राचा अथवा समाजकार्याचा वाटतो. तथापि मुलाला खरोखर विचारले की नाही, हे प्रश्न कोणत्या शब्दांत, कोणत्या बोलीत आणि कोणत्या वेळी विचारला यावरून ठरते. म्हणून या निवेदनाची तयारी भाषेच्या अंगाने कशी करावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम विषयाचे वाक्यच पाहू. 'सहभागी करून घेणे' या रचनेत करणारा प्रौढ आहे आणि घेणाराही प्रौढच. 'घेणे' हे सहायक क्रियापद क्रियेचा लाभ कर्त्याकडे वळविते. 'काम करून घेणे' या प्रयोगात हे स्पष्टच दिसते. मूल मात्र '-ना' प्रत्यय लावून कर्माच्या जागी उभे आहे. उमेदवाराने आपल्या निवेदनातील प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासावा. दहा मिनिटांत मूल एकदाही 'सांगते', 'नाकारते', 'सुचविते' अशा क्रियापदांचा कर्ता होत नसेल, तर त्या निवेदनात सहभाग हा शब्द आहे, सहभाग नाही.

दुसरी गोष्ट सर्वनामांची. हिंदीतील 'हम' जो भेद करीत नाही, तो मराठी करते : 'आम्ही' म्हणजे श्रोत्याला वगळून, 'आपण' म्हणजे श्रोत्यासह. गुजराती, तमिळ व तेलुगू या भाषांतही असा भेद आहे. पण आपल्या घरांत 'आपण' या सर्वनामाचा एक चमत्कारिक उपयोग होतो. 'आता आपण दूध प्यायचं', 'आता आपण झोपायचं' असे आई म्हणते, तेव्हा दूध एकट्या मुलालाच प्यावयाचे असते. आज्ञेला सहभागाचा पोशाख चढविलेला असतो. घरात हे वात्सल्याचे बोलणे म्हणून शोभते. परंतु शाळेच्या वा बालगृहाच्या बैठकीत 'आपण असं ठरवलं आहे' हे वाक्य ऐकणारे मूल 'मी केव्हा ठरविले?' असे मनात म्हणत असते. त्याला हे उघडपणे विचारता येते की नाही, येथे सहभागाची खरी कसोटी आहे.

या कसोटीला कायद्याचा आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेत भारत 1992 मध्ये सामील झाला. तिच्या 12 व्या अनुच्छेदानुसार स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबींत ते मोकळेपणे मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन द्यावयाचे आहे. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने सहभाग हे मूलभूत तत्त्व म्हणून स्वीकारले. त्याही पूर्वी, 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमात, पाल्य सुज्ञपणे पसंती सांगण्याइतके मोठे असल्यास न्यायालयाला ती विचारात घेण्याची मुभा होती. ती आजही आहे. निवेदनात एवढा आधार पुरे. कलमांची यादी वाचून दाखविल्याने परीक्षकांना नवे काही मिळत नाही.

रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांचा वापर, शोभा आणि नाममात्र प्रतिनिधित्व, यांना ते सहभाग मानीतच नाहीत. लॉरा लंडी यांनी 2007 मध्ये चार अंगे सांगितली : बोलावयास जागा, बोलण्यास साहाय्य, ऐकणारा अधिकारी आणि निर्णयावर परिणाम. फसवा 'आपण' बहुधा पहिल्या दोन अंगांवर थांबतो.

हे सर्व एका उदाहरणाने मांडावे. तेही परिसरातील असावे. वसई तालुक्यातील निर्मळ येथे कार्तिक महिन्यात मोठी यात्रा भरते. समजा, यात्रेच्या दिवसांत तेथील एखाद्या शाळेला वेळापत्रक बदलावयाचे आहे. 'सकाळची शाळा केली तर बरं होईल ना?' या प्रश्नातील 'ना' हा शब्द होकार मागून घेतो. 'यात्रेच्या दिवसांत शाळेत येताना काय अडचण येते?' हा प्रश्न माहिती मागतो. गर्दीतून चालत येणाऱ्या लहान मुलीला जे ठाऊक आहे, ते मुख्याध्यापकांस ठाऊक असेलच असे नाही. शिवाय या परिसरातील अनेक घरांत सामवेदी, म्हणजेच कादोडी, बोलली जाते. तिची सवय असलेले मूल प्रमाण मराठीतील औपचारिक सभेत गप्प राहिले, तर त्याला मत नाही असा निष्कर्ष काढणे चूक होय. त्याला प्रथम आपल्या बोलीत, दोन-तीन सवंगड्यांसमवेत बोलू द्यावे.

मौनाचाही अर्थ लावता येतो, याचा दाखला याच पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले. पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे गेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली, तीच कुरणशाळा. न येणे हेही मुलांचे उत्तर होते, आणि ते ऐकून निर्णय बदलला गेला. बालहक्क समितीच्या 2009 च्या भाष्यातही खेळ, चित्र, हावभाव यांना मत व्यक्त करण्याची साधने मानले आहे.

निवेदनाची मांडणी सोपी ठेवावी. दोन मिनिटांत तत्त्व व आधार. पाच मिनिटांत एकच उदाहरण, त्यात कोणी, केव्हा, काय विचारले आणि उत्तरामुळे काय बदलले. दोन मिनिटांत मर्यादा. आणि एक मिनिट समारोपास. 'मुलांनी अयोग्य गोष्ट मागितली तर?' हा प्रश्न परीक्षक विचारण्याचा संभव आहे. मत ऐकणे म्हणजे मागणी मान्य करणे नव्हे. सुरक्षिततेची जबाबदारी प्रौढांचीच राहते. पण नकार द्यावयाचा असेल तर तो कारणासह, मुलाला कळेल अशा शब्दांत आणि त्याच्यासमोर द्यावा. विचारून नंतर काहीच न कळविणे हे मुळीच न विचारण्याहून अधिक घातक असते. असे मूल पुढच्या वेळी बोलत नाही, आणि ज्या दिवशी त्याला एखादी गंभीर तक्रार सांगावयाची असते, त्या दिवशीही ते गप्पच राहते. मुलाखतीस जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की ज्या पदासाठी तो निवेदन करीत आहे, त्या पदावर हे मौन ऐकण्याचे काम त्यालाच करावयाचे आहे.