मान मिळाला, मलिदाही टिकला

मैत्रिणींनो, लेकीचं लग्न ठरलं आणि कुणी म्हणालं, "आधी आई, आजी, पणजीचं कूळ सिद्ध करा," तर तुम्हाला कसं वाटेल? इस्रायलला गेलेल्या आपल्या मराठी बेने इस्रायली मंडळींवर हीच वेळ आली होती.

ही मूळची कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आताच्या रायगडातली माणसं. आडनावं पेणकर, रोहेकर. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत.

१९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यावर हजारो कुटुंबं तिकडे गेली. डिमोना, बेरशेबा, लोद अशा गावांत नव्यानं संसार मांडले. हिब्रू शिकायची, हाताला काम शोधायचं. त्यातच १९६२ मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी फर्मान काढलं, की लग्नाआधी यांच्या मागच्या पिढ्या ज्यूच होत्या का, ते तपासा. मंडळी गप्प बसली नाहीत. जेरुसलेमला जाऊन त्यांनी धरणं धरलं. अखेर १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला, की बेने इस्रायली सर्व बाबतींत ज्यूच आहेत.

आमच्या मस्तगडातल्या शेजारणीनं हे ऐकून विचारलं, "मग त्यांची मराठी गेली का हो?" नाही! तिथं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. शुभकार्यात एलियाहू हनाबीच्या नावानं मलिदाही होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा आणि सोबत फळं. करून पाहा, आणि मुलांना ही हकीकतही सांगा.